दोन बोटं माया

पेणला गणपती बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं, "शाडूची की प्लॅस्टरची?" भाव त्यानंतर. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावं बाराही महिने मूर्ती घडवतात, त्यामुळे आमच्याकडचं शाळकरी पोरही मूर्ती जराशी उचलून वजनावरून उत्तर देतं. साचा कोण भरतो, रंग कोण मारतो, डोळ्यांची आखणी कोणाच्या हातची, हे सगळं कारखान्यात उघड्यावर चाललेलं असतं. हल्ली मूर्तीला खऱ्या कापडाचं सोवळं नेसवायची टूम निघाली आहे. त्या वीतभर पीतांबराला लेस कोण लावतं आणि तिला नगामागे काय मिळतं, हेसुद्धा आळीत माहीत असतं.

एवढी चौकशी करणाऱ्या बाईला तिच्या अंगावरचा कुडता कोणी शिवला, कशाचा आहे, असं विचारलं तर ती मानेमागे हात घालून लेबल शोधते. लेबल टोचतं म्हणून तिने ते आणल्या दिवशीच कात्रीने कापून टाकलेलं असतं.

हा प्रश्न मला आपणहून पडला असता असं नाही. तो माझ्या रोह्याच्या भाचीने आणला. ती ठाण्याला नोकरी करते, शनिवारी दिवा-रोहा गाडीने घरी जाते आणि पुष्कळदा वाटेत पेणला उतरून माझं डोकं खाते. एकदा अशीच आली आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाली, "मावशी, मी मॉलमधले कपडे सोडले." आमच्या घराण्यात आजवर लोकांनी चहा सोडला, कांदा-लसूण सोडलं, एका काकांनी तर नोकरी सोडली. पण मॉल सोडणारी ही पहिलीच.

कारण मात्र थट्टेचं नव्हतं. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते, तरीही वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. अकराशेहून जास्त माणसं गेली आणि त्यांत बायका जास्त होत्या. त्या शिवत होत्या ते कपडे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांसाठी. त्यानंतर जगभर लोक विचारू लागले की माझा कपडा कोणी शिवला. भाचीने ती हकिगत कुठेतरी पाहिली, आणि आपल्या कपाटातल्या दोनशे नव्याण्णव रुपयांच्या टॉपकडे बघून तिच्या पोटात कालवलं. कापड, शिलाई, बटणं, वाहतूक, दुकानाचं भाडं, एसी आणि दारातला तो सलाम ठोकणारा माणूस, एवढं सगळं दोनशे नव्याण्णवात बसवायचं तर कोणाच्या तरी ताटातली भाकरी कमी होणार, हा हिशोब रोजगार हमीवर काम केलेल्या बाईलाही कळेल.

मग आम्ही दोघी फोन घेऊन बसलो. चांगल्या मार्गाने केलेले, टिकाऊ, बायकांचे कपडे विकणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि बरेच आहेत. फॅबइंडिया १९६० पासून आहे, जयपूरची अनोखी ठशांच्या छपाईसाठी नावाजलेली आहे, गोव्यातून नो नॅस्टीज नावाची मंडळी सेंद्रिय कापसाचे कपडे करतात. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये ते उघडलं, आणि तिथे आजही वनस्पतींच्या रंगांत रंगवलेली खादी मिळते. गोव्याच्या वेंडेल रॉड्रिग्ज यांनी विस्मरणात गेलेली तांबड्या चौकटींची कुणबी साडी पुन्हा मागावर चढवली. महेश्वरला होळकर घराण्याच्या पुढाकारातून मागावर बसलेल्या बायका आहेत. ही सगळी कामं खरी आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे.

पण फोनवर त्या जगाची जी पानं उघडतात, ती बघताना हसू आवरत नाही. पहिली गोष्ट म्हणजे रंग. सदाचारी कपड्यांचे रंग ठरलेले असतात: माती, राख, वाळू, वाळलेलं गवत. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत चिखलातून बाहेर आलेली बाई या सगळ्या रंगांत फुकट दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे अनवाणी उभी असलेली, केस विस्कटलेली आणि कसल्या तरी दुःखात बुडालेली मुलगी. तिने घातलेला झगा सगळ्या मापांना चालतो असं खाली लिहिलेलं असतं, आणि ते खरंही असतं, कारण त्यात आमच्या आळीतली कोणतीही बाई आपल्या धाकट्या जावेसकट मावेल. किंमत साडेचार हजार. वर धुण्याची सूचना की हाताने, थंड पाण्यात, सावलीत. म्हणजे कपडा विणणारीला न्याय मिळाला आणि धुणारीचा गेला.

सोबत कागदाची चिठ्ठी येते, त्यात तुळशीचं बी असतं, ती कुंडीत लावायची. हे मला आवडलं. चिठ्ठी उगवली तर निदान एवढ्या पैशांत तुळस तरी आली म्हणता येईल.

आणि शेवटी विणकर बाईचा हसरा फोटो. मागापाशी बसलेली, हातात धोटा. भाची म्हणाली, "बघ मावशी, इथे माणूस दिसतो." मला फोटोत दुसरंच दिसलं. निसर्गरंगांतलं सुती कापड विणणारी ती बाई स्वतः फुलाफुलांची पॉलिएस्टरची साडी नेसली होती. मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून भाचीला दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि माझी भाची गप्प बसणं ही सहसा न घडणारी गोष्ट आहे.

ती साडी तिच्या अंगावर का आली, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. दिवा-रोहा गाडीच्या खिडकीतूनच ते दिसतं. पनवेल सोडलं की सोमाटणे, मग रसायनी. तिथल्या पाताळगंगेच्या काठावर रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यात आमच्या कोकणातले किती, ते मोजायला नको, कारण तेव्हा घरटी एक माणूस परळ-लालबागला होताच. माझे मामाही होते. ते सणाला गिरणीच्या दुकानातले कटपीस घेऊन यायचे आणि त्या वर्षी आम्हां सगळ्या बहिणींचे फ्रॉक एकाच ताग्यातले असायचे, त्यामुळे जत्रेत हरवलेली मुलगी कोणाची ते लगेच कळायचं. संपानंतर मामा आले, पण कटपीस आले नाहीत. सूत जिथून यायचं तिथले भोंगे थांबले आणि त्याच साली घाटाच्या पायथ्याशी दुसरा धागा निघू लागला. कोणी हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण आमच्या जिल्ह्यातल्या बायकांच्या अंगावरचं कापड बदललं ते त्या सुमाराला.

बदललं याचं दुःख करणारी मी मोठी कोण? भाचीच्या आजीला, म्हणजे रोह्याला माझ्या बहिणीच्या सासूबाईंना, आम्ही हे सांगायला गेलो. त्यांनी हातातली सुपारी कातरायचीही थांबवली नाही. "आषाढात लुगडं धुवून बघ एकदा," म्हणाल्या. नऊवारी सुती लुगडं, कोकणातला पाऊस, माजघरात दोरीवर चार-चार दिवस लटकलेलं ओलं कापड, त्याचा तो कुबट वास, चुलीच्या धगीवर कोपरे सुकवणं, आणि शेतावर पुन्हा तेच दमट नेसून जाणं. त्यात एक दिवस नायलॉनची साडी आली. पिळली, झटकली, तासाभरात सुकली. इस्त्री नको, खळ नको. त्यांच्या दृष्टीने ही साडी म्हणजे दुसऱ्या बाईने येऊन घरातलं अर्धं काम करून जाणं होतं. पुढे म्हणाल्या, "तुमच्या वाळूच्या रंगाला कोणी ओलेत्याने लावणी करायला लावत नाही ना, मग नेसा."

रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कापडाविषयीच्या कोणत्याही तत्त्वाला आमच्याकडे आधी तो पाऊस ओलांडावा लागतो, आणि पुष्कळ तत्त्वं जुलैतच वाहून जातात.

पण गाडी रसायनीलाच थांबून राहत नाही, पुढे येते. आपटा, जिते, हमरापूर, पेण. आमच्या स्टेशनात उतरून खोपोलीच्या रस्त्याला लागलं की गागोदे लागतं. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा भावे तिथे जन्मले. वडील नरहरपंत विणकामाचं शिक्षण घेतलेले आणि नोकरीला बडोद्यात, त्यामुळे विनोबा लहान असतानाच कुटुंब तिकडे गेलं. पुढे या मुलाने आयुष्यभर सूत कातलं. म्हणजे एकाच जिल्ह्यात, मोटारसायकलवर तासाभराच्या अंतराने, टकळीवाल्या विनोबांचं गाव आणि पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना. याहून चांगला मुक्काम कापडाविषयी चिंतन करायला शोधूनही सापडायचा नाही. आम्ही मात्र तिथे राहून पोहे आणि पापडाचीच चर्चा करतो.

विनोबांची एक गोष्ट भाचीला सांगितली तेव्हा तिचे डोळे चमकले. गांधीजींनी १९३५ मध्ये चरखा संघाकडे आग्रह धरला की कातणाऱ्या बाईला पोट भरेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. खादी महाग झाली आणि लोक कुरकुरले. विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला स्वतः दिवसभर सूत कातून त्या मजुरीत माणूस जगू शकतो का, हे अंगावर करून पाहिलं. भाची म्हणाली, "म्हणजे आत्ता परदेशातले लोक जे विचारतायत, ते यांनी नव्वद वर्षांपूर्वी विचारलं होतं!" मी म्हटलं, हो, आणि आपण नव्वद वर्षं कुरकुरतोच आहोत.

मग खादीच घ्यावी, विषय संपला, असं तिला वाटलं. पण विषय संपत नाही. खादी म्हणजे हाताने कातलेलं आणि हातमागावर विणलेलं कापड. तशी असेल तर तिला खादी मार्क असतो. परंतु २०२२ च्या सुरुवातीला खादी आयोगाने मुंबईत डी. एन. रोडवरच्या जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या खादी भांडाराचंच प्रमाणपत्र काढून घेतलं, कारण तिथे खादी नसलेला माल खादी म्हणून विकला जात असल्याचं आयोगाचं म्हणणं होतं. त्याच्या थोडंच आधी, ३० डिसेंबर २०२१ ला, ध्वजसंहितेत बदल होऊन राष्ट्रध्वजही यंत्रावरच्या पॉलिएस्टरचा चालेल असं ठरलं. नांदेडला खादीचे ध्वज तयार करणारे लोक वर्षानुवर्षं बसले आहेत, ते काय म्हणाले असतील ते म्हणाले असतील. भाची म्हणाली, "झेंड्याला चालतं तर मला का नाही?" मी म्हटलं, झेंड्याला घाम येत नाही.

ओळख पटवायची आमची स्वतःची साधनं आम्ही मग वापरली. रोह्याच्या बाजारात एका दुकानात पोचमपल्ली म्हणून ड्रेसचं कापड ठेवलं होतं, दीडशे रुपये मीटर. तेलंगणातलं पोचमपल्ली हे इकतचं गाव, आणि १८ एप्रिल १९५१ ला भूदानाची सुरुवातही तिथेच झाली. विनोबांना पहिली शंभर एकर जमीन तिथे मिळाली, म्हणून गावाचं नावच भूदान पोचमपल्ली पडलं. आमच्या गागोद्याच्या माणसाशी जोडलेलं कापड आहे म्हटल्यावर आम्ही ते कौतुकाने हातात घेतलं. भाचीने ताग्याची कड उलटून पाहिली. इकतमध्ये सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच गडद दिसते आणि तिच्या कडा जराशा पसरट असतात. इथे पुढून जांभळं आणि मागून फिकट, घासून गेलेल्या छापासारखं. दुकानदाराने आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्याच्याकडे. तो म्हणाला, "ताई, इकत प्रिंट म्हटलंय मी, इकत नाही म्हटलं." माणूस प्रामाणिक निघाला. प्रिंट हा शब्द तो फक्त जरा हळू बोलला होता.

त्याने कडेचा एक धागा काढून काडेपेटी पुढे केली, आणि हे मला फार आवडलं. सुताचा धागा कागदासारखा जळतो, कागदासारखाच वास येतो आणि बोटांत राख उरते. पॉलिएस्टरचा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी होतो. आमच्या धाग्याचा मणी झाला. दुकानदार म्हणाला, "बघा, मी फसवलं नाही." खरंच नव्हतं फसवलं.

रोह्याबद्दल बोलतेच आहे तर एक सांगून टाकते. रोह्याची कुंडलिका खाली रेवदंड्याला समुद्राला मिळते, आणि तिथलं चौल पोर्तुगीजांच्या काळात रेशमी कापडासाठी नावाजलेलं होतं. इंग्रजांनी मुंबई वसवताना तिथले विणकर तिकडे नेले. म्हणजे आमच्या नदीच्या मुखाशी कापड होतं आणि काठावर धाटावला आता रसायनांचे कारखाने आहेत. नदी तीच आहे, माल बदलला.

आता खरी गोष्ट. सगळे ब्रँड, सगळे मार्क, सगळ्या बियांच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवून मी भाचीला पेणच्या आमच्या मास्तरांकडे नेलं. मास्तर म्हणजे लेडीज टेलर. दुकान एवढं लहान की मास्तर आत, पायमशीन दारात आणि गिऱ्हाईक रस्त्यावर. भाचीने तिचा मॉलमधला शेवटचा, काखेत उसवलेला कुडता दुरुस्तीला आणला होता. मास्तरांनी तो उलटा केला. आमच्या आळीतल्या बायका कपडा नेहमी सुलट्या बाजूने बघतात, आणि मास्तर नेहमी उलट्या.

"हे बघा ताई," ते म्हणाले. शिवणीच्या कडेला ओव्हरलॉकचा दोरा होता आणि त्याच्या आत कापड जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं. "माया नाही. काखेत ताण आला की कापड दोऱ्यातून निसटतं. मी इथे टीप मारली तर कुडता अजून आवळ होणार. खाली दुमड बघा, तीही एकेरी. वाढवायला काही ठेवलंच नाही." मग त्यांनी शेल्फावरून कोणाचा तरी शिवून तयार असलेला ब्लाऊज काढला आणि उलटा करून दाखवला. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया, वर कच्ची टीप, मुंढ्याला पट्टी, आत अस्तर वेगळं कापलेलं. "ह्या वहिनी दर दोन वर्षांनी येतात. एक टीप उसवतो, ब्लाऊज मोठा होतो. वहिनी तेवढ्याच मोठ्या होतात." भाची ते पाहत राहिली. इतक्या दिवसांत तिने वाचलेल्या सगळ्या पानांवर टिकाऊपणाबद्दल पुष्कळ काही लिहिलेलं होतं, पण बाई जाड होते ही शक्यता कोणीच धरलेली नव्हती.

मास्तरांनी मग शिकवणी घेतली. सुती कापड असेल तर आधी रात्रभर पाण्यात घालून ठेवा, आटायचं ते शिवायच्या आधी आटू दे. खादीचा पन्ना लहान असतो, ३६ इंची मिळाला तर अर्धा मीटर जास्त घ्या, नाहीतर बाही आडव्या धाग्यावर बेतावी लागते आणि मग ती वळते. पावसाळ्यात घालायचं असेल तर पातळ पोताचं घ्या, जाड खादी गौरी-गणपतीपर्यंत सुकायची नाही. आणि गडद रंग मिठाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. हे सगळं सांगताना ते बटणाला दोरा गुंडाळत होते.

मग भाचीने एक नवा कुडता शिवायला टाकला आणि त्याला खिसा मागितला. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "लेडीजला खिसा?" त्यांचा चेहरा असा झाला की जणू तिने कुडत्याला दिंडी दरवाजा मागितला. पर्स असते, मोबाइल हातात असतो, खिशाने कपड्याची पडण बिघडते, अशी सगळी कारणं झाली. शेवटी मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या शर्टाला दोन आहेत, त्यांतल्या एकात तर फक्त खडू आहे." त्यांनी मुकाट्याने वहीत खिसा लिहिला. साऱ्या जगातल्या कपड्यांच्या न्यायाबद्दल कोणी काहीही म्हणो, बायकांना खिसे नसणं हा मला त्यातला सगळ्यांत जुना अन्याय वाटतो. तो मिटवायला आमच्या पेणमध्ये मास्तरांच्या वहीतली एक ओळ पुरली.

मग शिलाईचा प्रश्न आला. मास्तर म्हणाले साडेतीनशे. आणि माझ्या तोंडून, नव्हे, आमच्याबरोबर रस्त्यावर उभ्या असलेल्या तिन्ही बायकांच्या तोंडून एकदम निघालं, "साडेतीनशे? मागच्या वेळी तर तीनशे घेतले!" भाची आमच्या तोंडांकडे बघत राहिली. फोनवर साडेचार हजार म्हणतात तिथे आपण घासाघीस करत नाही. तिथे तसं बटणच नसतं. मॉलमध्ये नऊशे नव्याण्णवला हू की चू न करता कार्ड पुढे करतो. आणि माया सोडणारा, मुंढ्याला पट्टी लावणारा, आपली कंबर वर्षागणिक लिहून ठेवणारा माणूस पन्नास रुपये जास्त म्हणाला की आपण त्याच्या मुलाबाळांपर्यंत पोचतो. माझा कपडा कोणी शिवला हे विचारायला आम्हांला ढाक्याला जायला नको. तो माणूस समोर बसला आहे, त्याचं नाव माहीत आहे, आणि त्याच्याशीच आपण सगळ्यांत जास्त भांडतो.

भाचीने साडेतीनशे दिले. बाकीच्या बायकांना ते फारसं आवडलं नाही. भाव वाढवून ठेवला म्हणाल्या.

कपडा किती टिकेल हा हिशोब न शिकवता जिला येतो, ती एकटी बोहारीण. कपड्याचा खरा पारखी तीच. तिच्यापुढे भाचीने मॉलच्या कपड्यांचा ढीग टाकला. तिने एकेक कपडा उचलला, दोन्ही हातांनी ताणला, बोटांत चोळला आणि बाजूला फेकला. सगळ्या ढिगाचं तिने काय द्यायला काढलं तर चहाची एक गाळणी. मग आजींचं एक जुनं सुती पातळ दिसलं, काठ विरलेले, मधे दोन ठिकाणी रफू केलेलं. तिच्यासमोर ते चुकून आलं होतं. तिने ते मांडीवर घेतलं, कुरवाळलं आणि गाळणीशेजारी पातेलं ठेवलं. आजींनी पातळ काढून घेतलं. त्याची आता दुपटी व्हायची आहेत. दुपट्यांनंतर गोधडी, गोधडीनंतर पायपुसणं, पायपुसण्यानंतर पोतेरं. लुगड्याच्या आयुष्यात इतके जन्म असतात. मॉलच्या कुडत्याचं पोतेरंसुद्धा होत नाही, पाणीच शोषत नाही ते. भाचीने प्रयत्न करून पाहिला, पाणी नुसतं ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरवून आणलं.

तर माझं म्हणणं एवढंच झालं आहे. साडेचार हजारांचा झगा परवडत असेल आणि आवडत असेल तर खुशाल घ्यावा, विणणाऱ्या माणसाचं भलंच होतं. न परवडणाऱ्यांनी आपण पापी आहोत असं मानून झुरू नये. हातमागाचं किंवा साधं चांगलं सुती कापड मीटरवर घ्यावं, कड उलटून बघावं, एक धागा जाळावा, आणि आपल्या गावातल्या मास्तरांकडे न्यावं. पावसाळ्यात आजींची नायलॉनची साडीही नेसावी. ती अजून आहे, तिला काही झालेलं नाही, आणि असलेली वस्तू वापरण्यात पाप नाही. नवी मात्र घेऊ नये.

भाचीचा कुडता दसऱ्यानंतर धावीर महाराजांच्या पालखीला घालायचा ठरला आहे. रोह्यात त्या दिवशी पालखीला पोलीस सलामी देतात आणि सगळं गाव नव्या कपड्यांत रस्त्यावर असतं, तेव्हा खिशाची पहिली चाचणीही तिथेच होईल. तुमचंही काही शिवायचं असेल तर आत्ताच कापड भिजत घाला आणि मास्तरांकडे नेऊन द्या. घट बसले की ते दिवाळीचं नवं काम घेत नाहीत, मग कितीही ओळख सांगा. आणि शिलाई सांगतील ती द्या.